जोडणीची विद्या, तपासणीचा कस

नगर-मनमाड रस्त्यावरची नागापूर एमआयडीसी म्हटली की नगरकरांना दोन नावे हमखास आठवतात: क्रॉम्प्टन आणि एल अँड टी. एका कारखान्यात विजेच्या मोटारी तयार होतात, दुसऱ्यात स्विचगिअर. एल अँड टीचा हा व्यवसाय २०२० साली स्नायडर इलेक्ट्रिकने घेतला. क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जचे नाव बदलून सीजी पॉवर झाले आणि त्याच २०२० साली ती कंपनी मुरुगप्पा समूहाकडे गेली. मालक बदलले, पाट्या बदलल्या. मोटारींचे काम मात्र नगरमध्ये चालू राहिले.

याच सीजी पॉवरच्या सीजी सेमी या कंपनीने २८ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमधील साणंद येथे सेमीकंडक्टर चिपच्या जोडणीची आणि चाचणीची प्रायोगिक लाइन सुरू केली. जपानची रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या तिच्या भागीदार आहेत. पाच वर्षांत ७,६०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक ठरली आहे. पहिल्या युनिटची कमाल क्षमता दिवसाला सुमारे ५ लाख चिपची आहे आणि जवळच उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या युनिटची १ कोटी ४५ लाखांची.

अशा बातमीवर एक शेरा ठरलेला असतो: "ही तर नुसती जोडणी. खरी चिप तैवानमध्येच बनते." शेऱ्यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. सिलिकॉनच्या तबकडीवर परिपथ कोरण्याचे सर्वांत प्रगत काम आज मोजक्याच कंपन्या करतात आणि त्यांत तैवानची टीएसएमसी आघाडीवर आहे. पण पहिल्या भागातला 'नुसती' हा शब्द चुकीचा आहे. तो का चुकीचा, हेच या प्रकरणात पाहायचे आहे.

तबकडीपासून तुकड्यापर्यंत

फॅबमधून, म्हणजे चिप कोरणाऱ्या कारखान्यातून, माल येतो तो गोल तबकड्यांच्या रूपात. या तबकडीला वेफर म्हणतात. आजच्या मोठ्या वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर आणि जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर ५ मिलिमीटर बाजूचे चौकोन आखले, तर सुमारे अडीच हजार चिप बसतात. वेगळ्या केलेल्या अशा एकेका उघड्या तुकड्याला डाय म्हणतात.

जोडणी सुरू होते ती वेफर पातळ करण्यापासून. मागच्या बाजूने घासून तिची जाडी अनेकदा ०.१ मिलिमीटरपर्यंत आणली जाते. पातळ डायमधून उष्णता लवकर बाहेर पडते आणि अंतिम चिपही चपटी राहते. मात्र सिलिकॉन काचेसारखे ठिसूळ असते. घासताना पडलेली बारीकशी चीर त्या वेळी कोणाला दिसत नाही. पुढे चिप तापू-निवू लागली की ती वाढत जाते आणि वर्ष-दोन वर्षांनी चिप बंद पडते.

मग कापणी. हिऱ्याचे कण बसवलेले पाते मिनिटाला हजारो फेरे घेत दोन चिपमधल्या अरुंद पट्टीतून जाते. ही पट्टी बहुधा ०.१ मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. पात्याने कडेचे टवके उडाले आणि टवका परिपथापर्यंत पोहोचला, तर तो डाय गेला. म्हणून फार पातळ वेफरसाठी लेझरने किंवा प्लाझ्माने कापण्याच्या पद्धती आल्या. कापलेला डाय उचलून तांब्याच्या चौकटीवर किंवा सब्स्ट्रेटवर, म्हणजे वाहक रेषा असलेल्या पातळ पाटीवर, चिकटवतात. चिकटवण्यासाठी चांदीचे कण मिसळलेला इपॉक्सी वापरतात. मोठा प्रवाह वाहणाऱ्या पॉवर चिपसाठी सोल्डर किंवा दाबून घट्ट केलेली चांदीची भुकटी. या थरात हवेचा बुडबुडा राहिला, तर नेमक्या त्याच जागी उष्णता अडते.

या पॉवर चिप नगर जिल्ह्याच्या रोजच्या व्यवहारात आहेत. साखर कारखान्यातल्या बॉयलरच्या पंख्याचा किंवा ऊस वाहून नेणाऱ्या कॅरियरचा वेग कमी-जास्त करायचा, तर मोटारीला व्हीएफडी ड्राइव्ह लावतात. त्या ड्राइव्हच्या पोटात आयजीबीटी नावाच्या पॉवर चिप सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतात. दर वेळी भार वाढला की त्या तापतात, कमी झाला की निवतात. सिलिकॉन एक अंश तापले की दहा लाखांत साधारण ३ भाग फुगते. तांबे १७ भाग आणि ॲल्युमिनियम २३. एकमेकांना चिकटलेल्या या तीन पदार्थांची ओढाताण हजारो वेळा होते आणि जोड दमतो. ड्राइव्ह जळाला की दोष सरसकट चिपवर जातो. पुष्कळदा चिप धडधाकट असते आणि सुटलेला असतो तो तिच्यावरचा ॲल्युमिनियमच्या तारेचा जोड.

मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाची तार

आता जोडणीचा गाभा. डायच्या कडेला ॲल्युमिनियमचे चिमुकले चौथरे असतात. तिथून बाहेरच्या पायांपर्यंत वीज न्यायची तार बहुधा २५ मायक्रोमीटर जाडीची किंवा त्याहूनही बारीक असते. २५ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. ही तार जोडण्याच्या कामाला वायर बाँडिंग म्हणतात. त्याची रीत १९५७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये मांडली गेली आणि आजही जगातल्या बहुसंख्य चिप याच रीतीने जोडल्या जातात.

एक तार जोडली जाते ती अशी. सिरॅमिकच्या बारीक नळीतून तार खाली येते. तिच्या टोकाशी विजेची ठिणगी पडते, टोक वितळते आणि पृष्ठताणामुळे त्याचा गोळा होतो. नळी तो गोळा चौथऱ्यावर दाबते. खालचा भाग दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअसला तापवलेला असतो आणि नळी त्याच वेळी श्रव्यातीत वारंवारतेने आडवी थरथरत असते. या थरथरीने ॲल्युमिनियमवरची ऑक्साइडची साय फाटते आणि दोन धातू न वितळता एकजीव होतात. मग नळी वर उठते, तारेला ठरावीक कमान देते, दुसऱ्या टोकावर दाबून तार तोडते आणि पुढच्या गोळ्याला तयार होते. चांगले यंत्र हे सारे सेकंदात दहाहून अधिक वेळा करते.

दाब कमी पडला तर गोळा सुटतो. जास्त झाला तर चौथऱ्याखालचे सिलिकॉन तडकते. थरथर वाढली तर गोळा पसरून शेजारच्या चौथऱ्याला भिडतो. पूर्वी या तारा मुख्यतः सोन्याच्या असत. सोने महागले तसे उत्पादक तांब्याकडे वळले. तांबे स्वस्त आहे आणि वीजही उत्तम वाहते. पण ते सोन्याहून कठीण आहे आणि तापले की हवेत लगेच काळवंडते. म्हणून तांब्याचा गोळा नायट्रोजन आणि थोड्या हायड्रोजनच्या झोतात करावा लागतो, आणि दाबाचे सगळे आकडे नव्याने बसवावे लागतात. धातू बदलला की यंत्र तेच राहिले तरी प्रक्रिया नवी होते.

सोन्याची तारही निर्धोक नव्हती. सोने आणि ॲल्युमिनियम फार काळ तापलेले राहिले की दोहोंचे जांभळट संयुग तयार होते आणि जोडाखाली पोकळ्या पडतात. जुन्या अभियंत्यांनी त्याला 'जांभळा प्लेग' असे नाव दिले होते. त्यातून धडा मिळाला तो तापमान आणि वेळ यांवर काटेकोर नियंत्रण ठेवण्याचा.

जोडाची परीक्षा घेण्याची रीत अगदी साधी आहे. प्रत्येक लॉटमधले काही नमुने काढतात, तारेच्या कमानीखाली बारीक आकडा घालतात आणि तार तुटेपर्यंत वर ओढतात. अमेरिकन लष्करी मानकानुसार २५ मायक्रोमीटरच्या सोन्याच्या तारेने किमान ३ ग्रॅम भार सोसला पाहिजे. जाणकार तंत्रज्ञ मात्र आकड्याइतकीच तुटण्याची जागाही पाहतो. तार कमानीच्या वरच्या भागात तुटली तर जोड तारेपेक्षा मजबूत आहे. गोळा चौथऱ्यावरून अख्खा उखडला, तर भार ३ ग्रॅमच्या वर भरला असला तरी तो लॉट थांबवायला हवा. पास-नापासच्या रकान्यात हा फरक दिसत नाही. तो भिंगाखाली पाहणाऱ्या माणसाला दिसतो.

आवरण राखते, तसे दगाही देते

तारा जोडून झाल्या की त्यांच्यावर सिलिकाची भुकटी मिसळलेला इपॉक्सी साधारण १७५ अंशांना साच्यात दाबून भरतात. काळ्या चौकोनी चिपचा आपल्याला दिसणारा देह तो हाच. भरताना इपॉक्सीचा लोंढा जोरात आला तर तारा वाकून एकमेकींना टेकतात.

हे प्लास्टिक हवेतला ओलावा शोषते. सर्किट बोर्डावर सोल्डर करताना चिप २४० ते २६० अंशांपर्यंत तापते, आतल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि आवरण आतून फुटते. म्हणून चिप हवाबंद पाकिटात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह येतात आणि पाकिटावर ओलावा-संवेदनशीलतेची पातळी छापलेली असते. तिसऱ्या पातळीची चिप ३० अंश तापमानात आणि ६० टक्के आर्द्रतेत पाकीट फोडल्यापासून १६८ तासांत वापरावी लागते. नाहीतर भट्टीत पुन्हा सुकवावी लागते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हा नियम मोडला की त्याची किंमत लगेच कळते. नगरच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत उलटी अडचण येते: हवा फार कोरडी झाली की अंगावर स्थिर वीज साठते. माणसाला जाणवतही नाही एवढ्या काहीशे व्होल्टच्या ठिणगीने नाजूक चिप मरू शकते. मनगटाला अर्थिंगचा पट्टा आणि खोलीची आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आत ठेवण्याची शिस्त त्यासाठीच असते.

आवरणाच्या दग्याची सर्वांत प्रसिद्ध कहाणी इंटेलची आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मेमरी चिपमध्ये अधूनमधून एखादा बिट आपोआप पालटत असे. तीच चिप पुन्हा तपासली तर ठणठणीत निघे. टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये कारण दाखवून दिले. आवरणाच्या पदार्थातच युरेनियम आणि थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून निघणारे अल्फा कण मेमरीत साठवलेला विद्युतभार बिघडवत होते. परिपथ निर्दोष होता, दोष डबीत होता. त्यानंतर आवरणाच्या कच्च्या मालाची किरणोत्सर्गासाठी तपासणी हा उद्योगाचा नियम झाला.

तपासणीचे गणित

चिपची विद्युत चाचणी किमान दोनदा होते. वेफर कापण्यापूर्वी तिच्यावर सुयांचे कार्ड टेकवून प्रत्येक डाय तपासतात आणि खराब डायची नोंद नकाशावर करतात, म्हणजे मेलेल्या डायवर तारा आणि आवरण वाया जात नाही. पूर्ण झालेली चिप मग स्वयंचलित चाचणी यंत्रात पुन्हा तपासतात. वाहने किंवा संरक्षणासाठीच्या चिप अनेकदा १२५ अंशांच्या भट्टीत जास्त व्होल्टेजवर काही तास चालवतात. ज्यांना लवकर मरायचे आहे त्यांनी ग्राहकाकडे जाण्यापूर्वीच मरावे, हा त्यामागचा हेतू.

इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. वेफरवर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.१ घातक दोष असेल, तर सर्वांत साध्या सूत्रानुसार १ चौरस सेंटिमीटरच्या सुमारे ९० टक्के चिप चांगल्या निघतात. चिप ४ चौरस सेंटिमीटरची केली, तर हेच प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांवर येते. मोठी चिप महाग पडण्याचे हे एक मूळ कारण आहे. म्हणूनच अलीकडे एका मोठ्या चिपऐवजी लहान लहान चिप बनवून त्या एका आवरणात शेजारी जोडतात. फॅबमधली अडचण अशा रीतीने जोडणीच्या कारखान्यात सोडवली जाते, आणि जोडणीचे महत्त्व वाढते.

आता ९० टक्के चांगल्या आणि १० टक्के वाईट अशा चिप चाचणीला आल्या आणि चाचणी १०० पैकी ९९ दोष पकडते असे समजू. वाटते की काम फत्ते झाले. पण विल्यम्स आणि ब्राऊन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सूत्राने पास झालेल्या दर १० लाख चिपमागे सुमारे १,०५० सदोष चिप ग्राहकाकडे जातात. पकड ९९.९ टक्के केली तर सुमारे १०५. आजच्या मोटारगाडीत हजाराच्या घरात चिप असतात. १० लाखांत १०५ हे प्रमाण धरले, तरी दर दहा गाड्यांमागे एका गाडीत सदोष चिप येईल. वाहन उद्योग दहा लाखांत एकाहूनही कमी दोष मागतो, तो या हिशेबामुळे. लष्करी वाहनांवर काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा नगरमध्येच आहे. वाहन थंडीत, उन्हात आणि खडबडीत रस्त्यावर पारखल्याशिवाय त्याची खात्री देता येत नाही, हे इथल्या अभियंत्यांना वेगळे सांगायला नको.

न फोडता आत पाहणे

चाचणीत चिप नापास झाली की खरा शोध सुरू होतो. क्ष-किरणांनी तारा, सोल्डर आणि बुडबुडे दिसतात. पण डाय आणि प्लास्टिक यांच्यात पडलेली पातळ फट क्ष-किरणांना बहुधा दिसत नाही, कारण तिच्यामुळे पदार्थाची जाडी बदलत नाही. तिथे ध्वनी कामाला येतो. मडके घेताना बोटाने टिचकी मारून चीर ओळखतात, तशीच ही परीक्षा. चिप पाण्यात बुडवून तिच्यावर कोट्यवधी हर्ट्झचे ध्वनीतरंग सोडतात. घन पदार्थ एकमेकांना चिकटलेले असतील तिथे तरंग बराचसा पुढे जातो. हवेची फट आली की जवळपास पूर्ण परततो. परतलेल्या तरंगांवरून बिंदू-बिंदू जोडून चित्र तयार होते आणि कुठला कोपरा सुटला आहे ते स्पष्ट दिसते.

याहून कठीण प्रश्न म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांमध्ये प्रवाह नेमका कुठे गळतो, हा. त्यावर महाराष्ट्रात काम चालू आहे. पवईच्या आयआयटी मुंबईने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससोबत जून २०२४ मध्ये हिऱ्यावर आधारित क्वांटम मायक्रोचिप इमेजर विकसित करण्याचे जाहीर केले. प्रा. कस्तुरी साहा यांचा गट त्याचे नेतृत्व करतो. हिऱ्याच्या स्फटिकात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा असेल, तर हिरव्या लेझरखाली तो भाग लाल प्रकाश देतो. त्यावर सोडलेल्या सूक्ष्मतरंगांची वारंवारता २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास नेली की हा प्रकाश मंदावतो, आणि तो नेमका कुठल्या वारंवारतेला मंदावतो हे तिथल्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते. चिपमधून प्रवाह वाहिला की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होतेच, आणि ते प्लास्टिक व सिलिकॉन भेदून बाहेर येते. म्हणून चिपवर असा हिरा ठेवला की ती न उघडता आतल्या प्रवाहाचा नकाशा काढता येतो.

एवढी सारी उपकरणे कशासाठी? सदोष चिप फेकून देणे सोपे असते. दोष कुठल्या यंत्रावर, कुठल्या पाळीत, कुठल्या तापमानाला निर्माण झाला हे शोधून तो पुन्हा होऊ न देणे हेच कारखान्याचे भांडवल आहे. इंटेलने १९७२ मध्ये मलेशियातील पेनांग येथे जोडणीचा कारखाना काढला, तेव्हा तिथे प्रामुख्याने स्वस्त हातकाम होते. पन्नास वर्षांत तिथल्या तंत्रज्ञांनी प्रक्रिया आत्मसात केली, यंत्रे बनवणाऱ्या स्थानिक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि आज जगातील जोडणी-चाचणीच्या कामापैकी सुमारे १३ टक्के काम मलेशियात होते. पेनांगची सुरुवातही जोडणीनेच झाली होती.

नगरच्या तरुणांसाठी

मोटारीच्या कारखान्यात प्रत्येक नगाची रूटीन टेस्ट होते आणि निवडक नगांची टाइप टेस्ट. वाइंडिंगचे इन्शुलेशन मेगरने मोजतात, वेढ्यांमधला शॉर्ट सर्ज टेस्टरने पकडतात, रिजेक्शन वाढले की लाइन थांबवून कारण शोधतात. चिपच्या कारखान्यात मापे हजारपट लहान होतात आणि स्वच्छतेचे नियम कडक होतात. विचार करण्याची पद्धत तीच राहते. ज्या जिल्ह्यात ही पद्धत कामगारांच्या अंगवळणी पडली आहे, त्याने या उद्योगाकडे परका म्हणून पाहू नये.

संधीही लांब नाहीत. नवी मुंबईत महापे येथे सप्टेंबर २०२४ मध्ये आरआरपी इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणी-चाचणी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. साणंदला सीजी सेमीसोबत मायक्रॉन आणि केन्सचे प्रकल्प आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये व्हीएलएसआयची, म्हणजे चिपच्या रचनेची, पदवी आणि चिप उत्पादनाची पदविका यांचे नमुना अभ्यासक्रम तयार केले आहेत. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि विळद घाटातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, तसेच जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयने त्यांचा उपयोग करून घ्यावा. सुरुवातीला फॅब लागत नाही. एक चांगला सूक्ष्मदर्शक, तार ओढून पाहण्याचे एक साधे यंत्र, जळालेल्या ड्राइव्हमधून काढलेली पॉवर चिपची मॉड्यूल्स आणि सांख्यिकीचा पक्का पाया एवढ्यावर दोषशोधाचे पहिले धडे देता येतील. साखर कारखान्यांच्या भंगारात अशी मॉड्यूल्स भरपूर सापडतील.

डिझाइन करणारे हुशार आणि जोडणी करणारे कमी प्रतीचे, ही समजूत आपण आधी टाकून दिली पाहिजे. चिप शेवटी चालते की नाही, हे जोडणारा आणि तपासणारा ठरवतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी हे काम दुय्यम समजून नव्हे, तर अभिमानाने निवडावे.